पावणेअकरा कोटींचे ओझे

खेळाडूंच्या अदलाबदलीत मोल कौशल्याचे होते, असा समज असला, तरी प्रत्यक्षात तोलली जाते ती अपेक्षित कामगिरी आणि करारातील मानधन यांमधील तफावत. ही तफावत किती झपाट्याने पालटते, हे पालघरच्या शार्दूल ठाकूर यांच्या आयपीएल कारकिर्दीइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते. बोईसरच्या तारापूर विद्यामंदिराकडून खेळताना प्रशिक्षक दिनेश लाड यांच्या नजरेत भरलेल्या या अष्टपैलू खेळाडूला 2022 च्या लिलावात दिल्लीने 10.75 कोटी रुपयांना घेतले आणि हंगामात 15 बळी मिळवूनही त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात रोख व्यवहाराने, म्हणजे बदल्यात दुसरा खेळाडू न घेता, कोलकात्याकडे सोपवले. अशा व्यवहारात खेळाडूचे मानधन विकत घेणाऱ्या संघाच्या पर्समधून, म्हणजे खेळाडूंवरील खर्चाच्या ठरीव मर्यादेतून, वजा होते आणि देणाऱ्या संघाची तेवढीच रक्कम मोकळी होते. कोलकात्याने त्यांना वर्षभरातच मुक्त केले, चेन्नईने 4 कोटींना घेतले, 2024 च्या नोव्हेंबरातील महालिलावात एकही बोली लागली नाही. मग जखमी मोहसीन खान यांच्या जागी 2 कोटींत लखनौकडून खेळून त्यांनी 13 बळी मिळवले आणि नोव्हेंबर 2025 मध्ये त्याच 2 कोटींवर ते मुंबईकडे आले. दिल्लीकडील 15 बळी आणि लखनौकडील 13 बळी यांत फारसे अंतर नाही. अंतर पडले ते किमतीत.

उत्तर अमेरिकेतील आइस हॉकी लीगमध्ये मानधन आणि कामगिरी यांतील अशा तफावतीवर नियमातच उपाय आहे : खेळाडू देणारा संघ त्याच्या मानधनाचा निम्म्यापर्यंतचा भार स्वतःच्या खाती ठेवू शकतो, मात्र अशी सवलत एका वेळी तीनच करारांना मिळते आणि तो भार त्याच्याच खर्चमर्यादेत धरला जातो. गोलरक्षकांच्या बाबतीत हा नियम विशेष मोलाचा ठरतो, कारण मैदानात एका वेळी एकच गोलरक्षक उभा राहतो, त्यामुळे गिऱ्हाइके मोजकी असतात आणि मोठे मानधन असले की तीही मागे सरतात. मार्च 2022 मध्ये शिकागोने गोलरक्षक मार्क-आंद्रे फ्लरी यांना मिनेसोटाकडे देताना 70 लाख डॉलरच्या भाराचा अर्धा वाटा स्वतःकडे ठेवला आणि बदल्यात नवोदितांच्या निवडीतील एक सशर्त निवडहक्क मिळवला. म्हणजे उचललेला भार हीच जणू विक्रीची वस्तू झाली.

आयपीएलमध्ये हा मार्ग नसल्याने झळ खेळाडूला सोसावी लागते, आणि हे न्याय्य म्हणता येत नाही : 2025 मध्ये राजस्थानकडे जाताना रवींद्र जडेजा यांचे मानधन 18 कोटींवरून 14 कोटींवर आले. दिल्लीला निम्मा भार राखता आला असता, तर कोलकात्याच्या पर्समध्ये ठाकूर सुमारे 5.37 कोटींचे ठरले असते, आणि 2023 मधील बेंगळुरूविरुद्धच्या 29 चेंडूंतील 68 धावा व हंगामातील 7 बळी त्या आकड्यासमोर मोजले गेले असते.