औषध मागा, भीक नको!

गेल्या महिन्यात आम्ही आमच्याच वस्तीतील एका घरी गेलो होतो. घरधनी नाका कामगार. पत्नीला स्तनाचा कॅन्सर. डॉक्टरांची चिठ्ठी बाबासाहेबांच्या तसबिरीमागे खोचून ठेवलेली होती. मंगळसूत्र गहाण पडले होते, सावकाराचे पैसे संपले होते आणि केमोच्या दोन खेपा चुकल्या होत्या. सरकारी योजनेत का गेला नाहीत, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "आपल्याला कोण विचारतंय, साहेब?"

हे उत्तर आमच्या जिव्हारी लागले. ज्या खासगी इस्पितळात ही भगिनी उपचार घेत होती, तेथे कोणी तिला योजनेबद्दल एक शब्द सांगितला नव्हता.

कॅन्सरचे औषध महाग असते, पण ते कोणामुळे महाग असते? एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरवर इमॅटिनिब ही गोळी रोज घ्यावी लागते. नोव्हार्टिस कंपनी ती ग्लिव्हेक नावाने महिना सुमारे १ लाख २० हजार रुपयांना विकत होती. भारतीय कंपन्या तेच औषध आठ-दहा हजारांत देत होत्या. कंपनीच्या पेटंटला मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने विरोध केला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचा दावा फेटाळला. रोग तोच, औषध तेच. फरक होता तो नफ्याचा. लढले म्हणून औषध गरिबाच्या जवळ आले.

पण आठ हजार तरी नाका कामगाराने आणायचे कुठून? त्यासाठी दारे आहेत. पहिले दार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे. योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्याला गाठावे. दुसरे दार धर्मादाय रुग्णालयांचे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार तेथे १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्याच लागतात. नकार मिळाला तर धर्मादाय आयुक्तांकडे लेखी तक्रार करावी. तिसरे दार मुख्यमंत्री सहायता निधीचे. तेथे रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक लागते. उपचार उरकल्यावर बिले घेऊन गेल्यास उपयोग नाही.

चौथे दार तर बाबासाहेबांच्याच नावाचे आहे. केंद्राच्या डॉ. आंबेडकर प्रतिष्ठानची वैद्यकीय साहाय्य योजना अनुसूचित जाती-जमातीच्या, वार्षिक तीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या रुग्णांसाठी आहे. पैसा थेट रुग्णालयाला जातो. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक आहे? येथे एक अडचण ध्यानात ठेवावी. बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या, पण दाखला केंद्राच्या नमुन्यात नसला की अर्ज अडतो. आजार येण्याची वाट न पाहता तो काढून ठेवावा.

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, सावकाराच्या आधी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जा. ही कोणाची मेहेरबानी नव्हे. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे, असे संविधानाचे ४७ वे कलम सांगते. राज्य ते विसरत असेल, तर आठवण करून देणे हे चळवळीचे काम आहे.

जयंतीच्या मिरवणुकीला आपण वर्गणी काढतो, ती काढूच. पण दर रविवारी वंदना झाल्यावर विहारात एक टेबल मांडून दोन शिकलेल्या पोरांनी लोकांचे अर्ज भरून द्यायला काय हरकत आहे?

त्या भगिनीची नोंद आता आरोग्यमित्राकडे झाली आहे आणि केमो पुन्हा सुरू झाली आहे. चुकलेल्या दोन खेपा मात्र परत येणार नाहीत. पुढच्या घरात त्या चुकू नयेत, ही जबाबदारी आपली आहे.