मैदानामागचे अर्थकारण – भाग ७ : लांब करार नेमका कोणाला बांधतो?

गेल्या आठवड्यात आपण पाहिले की, अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये टीव्हीचे हक्क, तिकिटे आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या यांतून पैसा कसा येतो. त्या पैशातला मोठा हिस्सा एका माणसाच्या खात्यात जातो: मुख्य प्रशिक्षकाच्या. अनेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर हा राज्यपाल किंवा कुलगुरू नसतो, तर विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षक असतो. असा माणूस यशस्वी झाला की त्याला टिकवायचे कसे, हा आजच्या भागाचा विषय.

ताजे उदाहरण इंडियाना विद्यापीठाचे. कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च स्तरावर सर्वाधिक पराभव ज्याच्या नावावर जमा होते, असा हा संघ. २०२३च्या अखेरीस कर्ट सिग्नेटी तिथे मुख्य प्रशिक्षक म्हणून आले आणि पहिल्याच हंगामात संघाने ११ सामने जिंकले. लगेच करार वाढवला गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये संघाने ऑरेगनला त्यांच्याच मैदानावर हरवले आणि त्याच आठवड्यात आणखी एक करार जाहीर झाला: आठ वर्षे, २०३३ पर्यंत, वर्षाला सरासरी १ कोटी १६ लाख डॉलर. दोन वर्षांच्या आत हा तिसरा करार. घाईला कारणही होते. पेन स्टेट विद्यापीठाने नुकतेच आपल्या प्रशिक्षकाला काढले होते आणि सिग्नेटी मूळचे त्याच राज्यातले, पिट्सबर्गचे. पुढे जानेवारी २०२६ मध्ये इंडियानाने एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.

ही गोष्ट वाचून वाटते, मोठा करार दिला की काम झाले. प्रश्न इतका सोपा नाही.

आधी लांब मुदत का लागते ते पाहू. कॉलेज संघाचे खेळाडू विकत घेतलेले नसतात. सतरा-अठरा वर्षांच्या शाळकरी मुलांच्या घरी जाऊन, आईवडिलांसमोर बसून त्यांना आपल्या विद्यापीठात आणावे लागते. तिथे पहिला प्रश्न असतो, ‘आमचा मुलगा पदवीधर होईपर्यंत तुम्ही इथे असाल का?’ कराराची दोनच वर्षे उरली असतील तर प्रतिस्पर्धी संघ नेमके तेच बोलून मुलाला आपल्याकडे वळवतात. म्हणून चार-पाच वर्षांची मुदत सतत हातात ठेवण्याची रीत पडली. पूर्वी असे नव्हते. ओहायो स्टेटचे वुडी हेज १९५१ ते १९७८ असे अठ्ठावीस हंगाम एकेका वर्षाच्या करारावर राहिले.

आजच्या करारात पगाराच्या आकड्याहून महत्त्वाच्या दोन रकमा असतात. प्रशिक्षक मुदतीपूर्वी सोडून गेला तर त्याने विद्यापीठाला द्यायची एक, आणि विद्यापीठाने त्याला कामगिरीवरून काढले तर त्याला द्यायची दुसरी. दोन्हींना ‘बायआउट’च म्हणतात, पण त्यांचे वजन सारखे नसते. पहिली सहसा लहान असते, दरवर्षी घटते आणि बहुतेकदा त्याला नेणारे विद्यापीठच ती भरते. दुसरी प्रचंड असू शकते. लांब कराराने प्रशिक्षकापेक्षा विद्यापीठच जास्त बांधले जाते, ते इथे.

आधी पहिल्या रकमेचे उदाहरण. जानेवारी २०२४ मध्ये अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन निवृत्त झाले. दोनच दिवसांत वॉशिंग्टनचे केलन डीबोर त्यांच्या जागी नेमले गेले. डीबोर यांच्या वॉशिंग्टन संघाने त्याच आठवड्यात राष्ट्रीय अंतिम सामना खेळला होता. वॉशिंग्टनला सुमारे १ कोटी २० लाख डॉलर मिळाले, पण प्रशिक्षक गेला तो गेलाच. मग वॉशिंग्टनने ॲरिझोनाचा प्रशिक्षक नेला, ॲरिझोनाने सॅन होजे स्टेटचा. ज्याला जायचे असते त्याला करार अडवत नाही, नव्या मालकाला थोडे महाग पाडतो, इतकेच.

आता दुसरी बाजू. टेक्सास ए अँड एमने डिसेंबर २०१७ मध्ये जिम्बो फिशर यांना दहा वर्षांसाठी ७ कोटी ५० लाख डॉलरची पूर्ण हमी दिली. एक उत्तम हंगाम झाल्यावर २०२१ मध्ये मुदत २०३१ पर्यंत नेली आणि पगारही वाढवला. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांना काढले तेव्हा देणे निघाले सुमारे ७ कोटी ६० लाख डॉलर. फिशर यांना दुसरीकडे नोकरी मिळाली तरी त्यातून एक पैसाही कमी होणार नव्हता, कारण करारात तसे कलमच नव्हते.

पेन स्टेटची कथा याच्या शेजारी ठेवून वाचावी. नोव्हेंबर २०२१ मध्ये दोन मोठ्या विद्यापीठांत जागा रिकाम्या असताना त्यांनी जेम्स फ्रँकलिन यांना दहा वर्षांचा करार दिला. सलग तीन पराभवांनंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांना काढले, तेव्हा देणे होते सुमारे ४ कोटी ९० लाख डॉलर. मात्र नव्या नोकरीचा पगार त्यातून वजा व्हावा, असे कलम होते. फ्रँकलिन सुमारे महिन्याभराने व्हर्जिनिया टेकला रुजू झाले आणि प्रकरण सुमारे ९० लाखांवर मिटले. एका कलमाने कोट्यवधी डॉलर वाचवले.

इंडियाना, ए अँड एम आणि पेन स्टेट या तिघांनीही करार लांबवले ते प्रशिक्षकाला टिकवण्यासाठी. एकाचा निर्णय फळला, दोघांचा नाही. प्रशिक्षक पुढची आठ वर्षे जिंकेल की नाही, हे सही करताना कोणालाच कळत नाही. पण संबंध तुटला तर काय होईल, हे लिहून ठेवणे पूर्णपणे विद्यापीठाच्या हातात असते.

मग प्रशिक्षक टिकतो कशाने? आयोवाचे कर्क फेरेन्ट्झ १९९९च्या हंगामापासून एकाच जागी आहेत. वाईट हंगामांतही विद्यापीठाने त्यांच्यावर विश्वास ठेवला. सहायकांना चांगला पगार, सरावाच्या सोयी आणि आता खेळाडूंना द्यायला पुरेसा पैसा यांचा भरवसा असेल तर माणूस राहतो. जुलै २०२५ पासून विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदला देऊ शकतात. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर, तीही सगळ्या खेळांतल्या खेळाडूंसाठी मिळून. एकट्या फिशर यांचे देणे याच्या साडेतीनपटीहून जास्त होते. मैदानावर हाडे मोडून घेणाऱ्या मुलांच्या वाट्याला याहून अधिक यायला हवे, असे मला ठामपणे वाटते.

माझे मत स्पष्ट आहे. चांगल्या प्रशिक्षकाला लांब करार जरूर द्यावा, पण नव्या पगाराच्या वजावटीच्या कलमाशिवाय कधीही देऊ नये. या विद्यापीठांत तुमची मुले-नातवंडे शिकत असतील, तर पुढचा करार जाहीर होईल तेव्हा वर्षे आणि पगार बाजूला ठेवून आधी हेच कलम शोधा.

(पुढच्या आठवड्यात : खेळाडूंच्या मोबदल्याचे नवे नियम)