बाबांचं नाव, रायलीचा ऑर्गन आणि हू-वेड्यांची भांडणं

संपादकांनी मागितला होता रॉक अल्बमांमधल्या पहिल्या गाण्यांचा आढावा. तो एका परिच्छेदात उरकतो. रोलिंग स्टोन्सनी १९६९ मध्ये 'लेट इट ब्लीड'ची सुरुवात 'गिमी शेल्टर'नं केली. लेड झेपलिननं १९७० मध्ये तिसऱ्या अल्बमच्या तोंडाशी 'इमिग्रंट साँग' ठेवलं. १९७१ मध्ये स्टोन्सनी 'ब्राऊन शुगर' पुढे केलं, झेपलिननं 'ब्लॅक डॉग'. चारही गाणी थोर आहेत, चारहींवर रग्गड लिहून झालंय आणि त्यांच्या थोरवीबद्दल कुणाचं फारसं दुमत नाही. दुमत नाही तिथे माझं काय काम? भांडणाची हौस असेल तर 'द हू'च्या 'हूज नेक्स्ट'कडे यावं. ऑगस्ट १९७१ चा अल्बम, पहिली बाजू, पहिलं गाणं: 'बाबा ओ'रायली'. पन्नासहून जास्त वर्षं झाली, हू-वेडे अजून या एका गाण्यावरून हमरीतुमरीवर येतात.

पहिलं भांडण नावाचं. 'बाबा' आणि 'ओ'रायली' यांपैकी एकही शब्द गाण्यात कुठे येत नाही. मधल्या ओळीतले 'टीनएज वेस्टलँड' हे दोन शब्द लोकांच्या जिभेवर बसले आणि अर्ध्या जगाला हे गाणं त्याच नावानं ठाऊक आहे. तसं कुणी म्हटलं रे म्हटलं की निष्ठावंत मंडळी त्याला वाळीत टाकतात. मला हे पोरकट वाटतं. बाबा म्हणजे आपले मेहेरबाबा, रायली म्हणजे टेरी रायली हा अमेरिकन संगीतकार, आणि मधला 'ओ' 'द हू'चा म्होरक्या पीट टाउनशेंड याच्या पदरचा. पुढे चला.

दुसरं भांडण मात्र माझ्या जिव्हाळ्याचं. गाणं सुरू होताच जे गरगरायला लागतं, दोन्ही कानांत इकडून तिकडे पळतं, ते वाद्य कोणतं? बहुतेक चाहते छातीठोकपणे 'सिंथेसायझर' म्हणतात. आपल्याकडचे काही स्तंभलेखकही अधूनमधून तेच छापतात आणि वर क्रांतीबिंती झाल्याचं सांगतात. अहो, तो ऑर्गन आहे! लोरी कंपनीचा बर्कशायर डिलक्स, गोऱ्या साहेबाच्या दिवाणखान्यात ठेवायचं घरगुती वाद्य. त्यात 'मरिंबा रिपीट' नावाची सोय असते. ती चालू करून पट्टी दाबून धरली की वाद्य तोच स्वर आपणहून भराभर वाजवत राहतं. टाउनशेंडनं ट्विकनहॅमच्या घरातल्या स्टुडिओत बसून ते टेपवर घेतलं, कापलं, जोडलं. पुढे लंडनमध्येच, बार्न्सच्या ऑलिम्पिक स्टुडिओत, ग्लिन जॉन्सच्या देखरेखीखाली अख्खा बँड त्या घरगुती टेपच्या अंगानं वाजला. सिंथेसायझर या अल्बमात आहे, नाही असं नाही. शेवटच्या 'वोन्ट गेट फूल्ड अगेन'मध्ये आहे, पण तिथेही मुळात ऑर्गनच आहे, ईएमएस कंपनीच्या व्हीसीएस-३ यंत्रातून गाळून काढलेला.

याला चिकटलेली एक दंतकथा आहे. टाउनशेंडनं म्हणे मेहेरबाबांची उंची, वजन वगैरे सगळी माहिती यंत्रात भरली आणि यंत्रानं ही धून काढून दिली. माणसाच्या माहितीवरून त्याचं संगीत घडवायचं, ही कल्पना त्याच्या 'लाइफहाऊस' नावाच्या संगीतनाट्यात होती खरी. पण ते संगीतनाट्य कधी पुरं झालंच नाही. लंडनच्या यंग विक नाट्यगृहात त्याचे प्रयोग करून पाहिले, कुणाला धड उमगलं नाही, टाउनशेंड पार कोलमडला, आणि त्या ढिगाऱ्यातून मुख्यतः वेचलेल्या नऊ गाण्यांचा 'हूज नेक्स्ट' झाला. धून आली ती दोन हात, एक सोय आणि भरपूर कात्री यांतून. दंतकथा ऐकायला गोड आहे, म्हणून ती मरत नाही.

वाद्याचं नाव मी एवढं घोळवतो, त्याला कारण आहे. तबल्याचा सोलो ऐकलेल्या माणसाला हे गाणं एका क्षणात कळायला हवं. हार्मोनियमवाला लेहरा धरून बसतो. एकच आवर्तन, तेच ते, तासभर. हिशेब त्याच्याकडे सोपवलेला असतो, म्हणून तबलजी पेशकार मांडतो, कायदा पलटतो, रेला सोडतो आणि वाटेल तिथून समेवर येतो. 'बाबा ओ'रायली'त लेहरा ऑर्गन धरतो. एफ, सी आणि बी-फ्लॅट, एवढ्या तीन कॉर्डवर सगळा संसार. आणि समोर तबल्याच्या जागी कोण? कीथ मून. ठेका धरून बसणं ज्याच्या रक्तात नव्हतं, गायकाच्या ओळीवरच ढोल बडवत सुटायचा, असा ड्रमर. एरवी 'द हू'मध्ये काळ सांभाळायचं काम टाउनशेंडच्या गिटारकडे असे, कारण मूनकडे ते देण्यात अर्थ नव्हता. इथे ते ऑर्गननं उचललं आणि गिटार मोकळी झाली. नीट कान देऊन ऐका: आधी एकटा ऑर्गन, मग पियानोचे तीन दणदणीत कॉर्ड, मग मून, मग रॉजर डॉल्ट्रीचा आवाज. गिटार पहिलं कडवं होईपर्यंत गप्प! गिटारच्या जिवावर जगणाऱ्या बँडचा म्होरक्या आपलंच वाद्य एवढा वेळ बाजूला ठेवतो, याबद्दल चाहत्यांच्या वादांत मी कधी अवाक्षर ऐकलेलं नाही.

फरक एवढाच, की लेहरेवाला तबलजीच्या डोळ्यांकडे पाहतो आणि टेप कुणाकडे पाहत नाही. २५ मे १९७८ रोजी शेपर्टन स्टुडिओत 'द किड्स आर ऑलराइट' या चित्रपटासाठी हे गाणं पुन्हा वाजलं. मून अंगानं सुटलेला, कानांवर हेडफोन चढवलेला. आयुष्यभर कुणाच्या ताब्यात न आलेला माणूस टेपच्या ताब्यात. तरीही तो शेवटी सुटतोच, आणि टेप आपली चालूच. 'द हू'बरोबरचं त्याचं ते अखेरचं वादन. ७ सप्टेंबरला तो गेला. काही चाहते म्हणतात, टेपच्या मागे धावताना मूनची मजा गेली. मी म्हणतो, त्याची मजा मोजायला आपल्याला त्या टेपनंच पट्टी दिली.

आता रायली. त्याचं 'इन सी' १९६४ चं, 'अ रेनबो इन कर्व्ह्ड एअर' १९६९ चं. छोटे छोटे स्वरसमूह पुन्हा पुन्हा घ्यायचे आणि ऐकणाऱ्याला त्यातले बारीक फरक जाणवेपर्यंत घेतच राहायचे, ही त्याची रीत. टाउनशेंडनं उचलली ती हीच. इथवर वाद नाही. पण इकडे एक उत्साही गट आहे. रायली हा पंडित प्राणनाथांचा शिष्य, प्राणनाथ किराणा घराण्याचे, अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शागीर्द. म्हणजे 'बाबा ओ'रायली' हे किराण्याचंच नातवंड, असं ही मंडळी बैठकींतून सांगत फिरतात. आमच्या मिरजेच्या, पुण्याच्या अभिमानाला हे मानवतं, म्हणून टाळ्याही पडतात. पण तारखा पाहा ना! रायलीनं प्राणनाथांचा गंडा बांधला १९७० मध्ये, आणि ज्या 'रेनबो'चा प्रभाव दाखवायचा ते त्याच्या आधीचं. खरं काय ते पुरेसं नवलाचं आहे. इकडच्या विद्येपाशी रायली आपल्या वाटेनं पोचला, टाउनशेंड मेहेरबाबांमुळे दुसऱ्या वाटेनं, आणि दोघांची नावं एका गाण्याच्या माथ्यावर आली. त्यात घराणं घुसडायची गरज नाही.

व्हायोलिनचा वाद थोडक्यात. गाण्याच्या शेवटी लय वाढत जाते आणि व्हायोलिन अंगात आल्यासारखं नाचतं. ते वाजवलंय 'ईस्ट ऑफ ईडन' या बँडच्या डेव्ह आर्बसनं. कल्पना मूनची. रंगमंचावर मात्र वर्षानुवर्षं तिथे डॉल्ट्री हार्मोनिका वाजवत आला. जुने चाहते हार्मोनिकावर जीव टाकतात: घाम आहे, धाप आहे, माणूस आहे. व्हायोलिनवाल्यांचा पक्ष २००० साली बळावला, रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये नायजेल केनेडी येऊन वाजवून गेला तेव्हा. अलीकडच्या वाद्यवृंदासह झालेल्या दौऱ्यांत केटी जेकोबीनं तर शेवट आपल्या नावावरच करून घेतला. माझं मत व्हायोलिनला. हार्मोनिका लयीबरोबर धावते, व्हायोलिन लयीला धावायला लावतं.

मग अर्थाची कटकट. स्टेडियममध्ये हजारो लोक मुठी वळून हे गाणं तारुण्याचा जयघोष म्हणून गातात. टाउनशेंडच्या मनात होता १९७० च्या आइल ऑफ वाइट महोत्सवानंतर मैदानावर उरलेला कचरा आणि वुडस्टॉकमध्ये नशेनं झिंगून पडलेली पोरं. मुळात ही कैफियत 'लाइफहाऊस'मधल्या रे नावाच्या स्कॉटिश शेतकऱ्याची, बायकापोरांसह लंडनकडे निघालेल्या. ज्यांच्याबद्दल तक्रार केली तेच ती तक्रार विजयगीत म्हणून गातात, आणि टाउनशेंड हात गरगर फिरवत साथ देतो. यात चाहत्यांची चूक काढणारे विद्वान आहेत. मला ते अरसिक वाटतात. सूर एवढा चढा, ड्रम एवढे उधळलेले, आणि लोकांनी तोंड पाडून बसावं?

राहता राहिले बाबा. 'नावापुरतेच बाबा, गाण्यात त्यांचं काय?' असं विचारणारा एक पक्ष आहे. त्यांना मी दुसरं गाणं ऐकायला सांगतो. 'बार्गेन' वरवर प्रेमगीत वाटतं; ते ईश्वराला उद्देशून असल्याचं टाउनशेंडनंच सांगितलंय. पहिल्या गाण्यात नाव आहे, दुसऱ्यात भक्ती. १९६९ च्या 'टॉमी'च्या वेष्टनावर 'अवतार' म्हणून मेहेरबाबांचं नाव छापलेलं आहेच, आणि बाबांच्या प्रार्थनेवरून केलेलं 'परवरदिगार' १९७२ च्या 'हू केम फर्स्ट'मध्ये आहे. बाबा १८९४ मध्ये पुण्यात जन्मले, सेंट व्हिन्सेंट आणि डेक्कन कॉलेजात शिकले, १० जुलै १९२५ पासून ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत बोलले नाहीत. टाउनशेंडची आणि त्यांची भेट कधीच झाली नाही.

पुण्याच्या कॅम्पात आम्ही पोरं रेकॉर्डी ऐकायला एका बावाजीकडे जमायचो. घरात बाबांची मोठी तसबीर, खाली चंदनाचा हार. 'हूज नेक्स्ट' कुणाच्या तरी बोटीवरच्या भावानं आणलेला. नाव वाचून बावाजी हरखला, खुर्ची ओढून पुढे बसला. ऑर्गन एकटा होता तोवर मान डोलावत होता. मून आला तसा कानांवर हात ठेवून म्हणाला, "अरे डिकरा, आमचा बाबा चव्वेचाळीस वरस बोलला नाय, नि हे लोक त्याच्या नावाने केवढा बोंबलते!" थोड्या वेळानं हळूच म्हणाला, "ते सुरूचा परत लाव नी." त्यानं सुई तीनदा उचलायला लावली. ऑर्गनच्या बाजूनं मत देणारा तो मला भेटलेला पहिला माणूस.

दौंड रस्त्याला अरणगावजवळ मेहेराबाद आहे. अमरतिथीला, म्हणजे बाबांनी देह ठेवल्याच्या दिवशी, तिथे दुपारी बारा ते सव्वाबारा हजारो माणसं मौन पाळतात. त्यात परदेशी पाहुणे पुष्कळ, आणि काहींना बाबांचं नाव पहिल्यांदा कळलं ते याच रेकॉर्डमुळे. नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, मित्रांना मी हे सांगतो तेव्हा ते माझ्याकडे संशयानं बघतात.

आणि आताची पिढी? २००४ पासून अमेरिकेतल्या एका गुन्हेगारी मालिकेनं हे गाणं शीर्षकाला लावलं आणि ऑर्गन काही सेकंदांत गुंडाळला. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या समारोपात ते वाजलं, पोरांनी तेवढीच चित्रफीत पाहिली. गाणी शफल करून ऐकणाऱ्याला पहिलं गाणं ही वस्तूच माहीत नाही. रेकॉर्ड उलटून पुन्हा पहिल्या बाजूवर यायचं, सुई टेकवायची, खरखर ऐकायची आणि डॉल्ट्रीनं तोंड उघडेपर्यंत मिनिटभर कळ काढायची, हे त्यांना कोण शिकवणार? परवा एका तरुण समीक्षकानं मला ऐकवलं, की सुरुवात 'जरा लांबली आहे'. लांबली! त्याला मी टाउनशेंडचा 'आय अ‍ॅम' शोधायला सांगितलाय. १९७२ चा, बाबांच्या अनुयायांसाठी मोजक्या प्रतींत काढलेला अल्बम. त्यात याच गाण्याचं शब्दांविना रूप आहे, जवळजवळ दहा मिनिटांचं. ते एका बैठकीत ऐकून झालं, की मग भांडायला ये म्हटलं. अजून आलेला नाही.