शाळेत गुरुजी किती आणि कोणते? कोरोनात विचारायचा राहून गेलेला प्रश्न

मंडळी, १ डिसेंबर २०२१ ची सकाळ जरा आठवून पाहा. त्या दिवशी खेड्यापाड्यांतल्या पहिली ते चौथीच्या वर्गांची दारे उघडली. जून २०२० मध्ये ज्या लेकराचे नाव पहिलीत घातले होते, ते लेकरू त्या दिवशी पहिल्यांदा वर्गात बसले, आणि तेही एकदम दुसरीत! मधल्या दीड वर्षात त्याने गुरुजी पाहिले असतील ते तांदूळ-डाळीच्या वाटपाला, नाहीतर मोबाइलच्या काचेत.

जाफराबाद तालुक्यातली टेंभुर्णी घ्या, की शेजारचे एखादे दीडशे उंबऱ्यांचे गाव घ्या. फाटकाशी उभ्या आईबापाच्या मनात त्या दिवशी दोन प्रश्न होते. एक त्यांनी बोलून दाखवला : "लेकराला काही होणार तर नाही ना?" दुसरा बहुतेकांच्या मनातच राहिला : "आत शिकवायला कोण हाय अन् किती जण हायेत?" पहिल्या प्रश्नासाठी सरकारने पानेच्या पाने नियम काढले. दुसऱ्याचा विचार त्या मानाने फारच थोडा झाला. साथ ओसरून काही वर्षे लोटली. मग आता हा विषय कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण साथ पुन्हा येणार नाही असे कोणी लिहून दिलेले नाही. शिवाय तो दुसरा प्रश्न साथ नसतानाही गावोगाव तसाच उभा आहे.

उघडल्या, मिटल्या, पुन्हा उघडल्या

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग सुरू करायला परवानगी मिळाली. शिक्षकांची कोरोना तपासणी सक्तीची होती. पालकांचे लेखी संमतीपत्र लागत होते आणि मुलांना एक दिवसाआड बोलवायचे होते. २७ जानेवारी २०२१ ला पाचवी ते आठवीचे वर्ग भरले. तोच दुसरी लाट आली आणि पुन्हा कुलूप लागले. १५ जुलै २०२१ पासून कोरोनामुक्त गावांत आठवी ते बारावी, ४ ऑक्टोबरपासून ग्रामीण भागात पाचवी ते बारावी आणि १ डिसेंबरला पहिली ते चौथी, असे टप्पे पडले. जानेवारी २०२२ मध्ये आणखी दोन आठवडे बंद, आणि २४ जानेवारीला परत सुरू.

आता या तारखांच्या शेजारी आपली शेतीची कामे मांडून पाहा. २०२१ च्या सप्टेंबरअखेर 'गुलाब' चक्रीवादळाच्या पावसाने मराठवाड्यात हातातोंडाशी आलेले सोयाबीन पाण्यात घातले. ४ ऑक्टोबरला शाळा उघडली तेव्हा आईबाप चिखलातून सोयाबीन काढत होते. लेकरू दिवसभर कोणाच्या तरी नजरेखाली असावे ही त्या वेळची पहिली गरज होती. एक दिवसाआड शाळा म्हणजे एक दिवसाआड लेकरू बांधावर, असाच अर्थ झाला.

पाटीवरचे साधे गणित

७ जुलै २०२१ च्या शासन निर्णयात एका वर्गात जास्तीत जास्त १५ ते २० विद्यार्थी, एका बाकावर एक आणि दोन बाकांत सहा फूट अंतर असे सांगितले होते. नियम रास्त होता. पण त्याचा हिशेब शिक्षकांच्या संख्येशी घालून पाहायला हवा होता. तो तुम्हीच घालून पाहा.

पहिली ते चौथीची १२० पटाची शाळा धरा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ९१ ते १२० मुलांना चार शिक्षक. वीस-वीसचे गट केले तर गट होतात सहा. म्हणजे चारही गुरुजी हजर असले तरी दोन गट उरतात. त्यांतले एक गुरुजी कोरोनाच्या कामावर असले तर तीन गुरुजी आणि सहा गट. प्रत्येक मुलाला एक दिवसाआड शाळा, म्हणजे शिकवणे निम्मे. एक जागा आधीपासूनच रिकामी असली, तर निम्म्याचेही निम्मे व्हायला वेळ लागत नाही.

पालकांची मागणी काय होती? सगळी मुले रोज यावीत, अंतरही पाळावे आणि शिकवणेही पुरते व्हावे. ही मागणी चूक नव्हती. पण आहे त्या माणसांत ती पुरी होणारी नव्हती. हे कोणीतरी ग्रामसभेत फळ्यावर मांडून दाखवायला हवे होते. तसे झाले असते तर गावाला ठरवता आले असते की पहिली-दुसरी रोज भरवायची, मोठी मुले आलटूनपालटून बोलवायची, की गावातल्या शिकलेल्या पोरापोरींना हाताशी घ्यायचे.

आईबापांचे म्हणणे काय होते?

पहिले म्हणणे, गुरुजी बदलू नयेत. दीड वर्ष घरात राहिलेले लेकरू बुजते. त्याला ओळखणारे माणूस समोर हवे. आज या वर्गाचे गुरुजी, उद्या शेजारच्या शाळेवरून प्रतिनियुक्तीवर आलेले, परवा कोणीच नाही, अशाने अक्षरओळख पक्की होत नाही.

दुसरे, गुरुजींनी लस घेतलेली असावी. हा आग्रह पालकांचा होता तसा सरकारचाही होता. आपल्या जालन्याला तर २ जानेवारी २०२१ रोजी लसीकरणाची रंगीत तालीमही झाली होती. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने राज्यांना शिक्षकांसाठी दोन कोटींहून अधिक जादा डोस द्यायचे जाहीर केले, कारण शिक्षकदिनाच्या आत सर्व शिक्षकांचे लसीकरण उरकायचे होते. ही अपेक्षा बऱ्याच अंशी पुरी झाली असे म्हणता येईल.

तिसरे म्हणणे जुनेच होते : गुरुजींनी गावात राहावे. जुलै २०२१ च्या निर्णयातही शिक्षकांची राहण्याची सोय शक्यतो त्याच गावात करावी, नाहीतर ते सार्वजनिक वाहनाने येणार नाहीत याची काळजी घ्यावी, असे म्हटले होते. पण खरे सांगायचे तर गावात भाड्याने द्यायला धड खोली असते का? संडास-पाण्याची सोय असलेली घरे किती? गुरुजींचीही लेकरे शिकतात, घरातला दुसरा माणूस दुसरीकडे नोकरीला असतो. मुख्यालयी राहण्याचा ठराव ग्रामसभेने द्यायचा, हा नियम ९ सप्टेंबर २०१९ चा. तो कागदावर पुरा करून दोन्ही बाजूंनी हात झटकले, तर साथीच्या दिवसांत लेकराच्या वाट्याला काय येते ते आपण पाहिले आहे. त्यात नोव्हेंबर २०२१ मध्ये एसटीचा संप पेटला आणि २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. गुरुजी मोटारसायकलवर कसेबसे आले. पण शेजारच्या गावाहून मोठ्या शाळेत येणाऱ्या पोरी घरीच बसल्या. शाळा उघडी आणि रस्ता बंद, असा तो प्रकार होता.

चौथे, शाळेत एखाद्या तरी बाई असाव्यात. वयात आलेल्या मुलीची आई हे चारचौघांत बोलत नाही, पण संमतीपत्रावर सही करताना तिच्या मनात ते असते.

आणि पाचवे, साफसफाई कोण करणार? जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला बहुधा शिपाई नसतो. बाके पुसायची, संडास धुवायचा, हात धुवायला पाणी भरायचे, हे काम अखेर गुरुजींवर नाहीतर लेकरांवर पडते. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित रक्कम होती. ज्या ग्रामपंचायतीने त्यातून शाळेची सोय केली, तिथे गुरुजींचा तेवढा वेळ वाचला.

गुरुजी होते कुठे?

पालक म्हणायचे, "फुकटचा पगार चाललाय." हे बोलणे अन्यायाचे होते. त्या काळात शिक्षक तपासणी नाक्यांवर होते, रेशन दुकानावर होते आणि 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत घरोघर फिरून ताप मोजत होते. १५ जानेवारी २०२१ ला चौदा हजारांवर ग्रामपंचायतींचे मतदान झाले, त्या केंद्रांवरही तेच होते. त्यानंतर बाराच दिवसांनी पाचवी ते आठवीच्या शाळा उघडायच्या होत्या.

शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ सांगते की शिक्षकांना बिगरशैक्षणिक काम देऊ नये, मात्र जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांचा अपवाद आहे. साथ ही आपत्तीच होती, तेव्हा काम कायद्यात बसत होते. पण वर्ग उघडले त्या दिवसापासून किती शिक्षक परत वर्गावर येणार आणि कोणत्या तारखेला, हे लेखी मागण्याचा हक्क गावाला होता. तो किती गावांनी वापरला?

रिकाम्या खुर्च्या

दुखणे मुळात जुने होते. २०१२ साली शिक्षक भरती थांबली. पुढे पवित्र पोर्टल आले. २०१९ मध्ये काही नेमणुका झाल्या आणि मग मोठी भरती थेट २०२४ मध्ये झाली. दरम्यान, जुलै २०२३ मध्ये निवृत्त शिक्षकांना महिना २० हजार रुपये मानधनावर घ्यायचा निर्णय झाला. म्हणजे साथ आली तेव्हा खुर्च्या आधीच रिकाम्या होत्या. कायद्याचे कलम २६ मात्र स्पष्ट आहे : शाळेतील मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांहून अधिक पदे रिक्त राहता कामा नयेत.

परिणाम काय झाला? 'असर' पाहणीप्रमाणे राज्यात तिसरीच्या शंभर मुलांपैकी दुसरीचे पुस्तक वाचू शकणारी मुले २०१८ साली चाळीसच्या वर होती. २०२२ साली ती सत्तावीसच्या आसपास आली. जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम ठेवला होता. पण सेतू म्हटला तरी हात धरून पलीकडे नेणारा माणूस लागतोच.

आता गावाने काय करावे?

२०२१ मध्ये सरपंचांच्या अध्यक्षतेखाली गावसमिती झाली होती. तलाठी, ग्रामसेवक, वैद्यकीय अधिकारी, मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, सगळे एका सतरंजीवर बसले. शाळा उघडायची की नाही हे गावाने ठरवले. तेवढेच वजन गुरुजींच्या हिशेबाला मिळाले पाहिजे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. शाळा विकास आराखडा हीच समिती करते आणि किती शिक्षक लागतील हे त्यात लिहायचे असते. तो आराखडा मुख्याध्यापकांनी भरला आणि आपण अंगठा-सही केली, असे होऊ देऊ नका.

पालकहो, एवढ्या गोष्टी समितीच्या बैठकीत विचारा :

१. संचमान्यतेप्रमाणे पदे किती, भरलेली किती, रिकामी किती आणि कधीपासून?
२. प्रतिनियुक्तीवर किंवा दुसऱ्या कामावर कोण आहे आणि परत कधी येणार?
३. एक गुरुजी आजारी पडले तर त्यांचा वर्ग कोण घेणार?
४. उद्या पुन्हा वीस-वीसचे गट करावे लागले तर कोणते वर्ग रोज भरतील?
५. गावात शिक्षकांना राहण्याजोग्या खोल्या किती? नसतील तर ग्रामपंचायत काय करणार?
६. साफसफाईचे माणूस कोण आणि त्याची मजुरी कशातून?

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनीही हे प्रश्न आपल्यावर आलेले बालंट समजू नये. हीच उत्तरे हाती असली तर गटशिक्षणाधिकाऱ्यांपुढे गावाची बाजू पक्की होते. तोंडी तक्रार चहाबरोबर विरघळते, ठरावाला मात्र उत्तर द्यावे लागते. पाऊस पडल्यावर तिफण दुरुस्तीला टाकणाऱ्याची पेरणी मागे पडते, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

समितीची बैठक दर महिन्याला व्हायची असते. पुढच्या बैठकीला आईबाप दोघेही जा, वरचे सहा प्रश्न विचारा आणि उत्तरे इतिवृत्तात लिहून झाल्याशिवाय सही करू नका.