नाळ कापण्याची घाई कोणासाठी?
आरोग्य आणि विवेक : लेखांक ९

मूळपेशींच्या नावाने देशात चालणाऱ्या ‘चमत्कारी’ उपचारांची चर्चा आपण गेल्या आठवड्यात केली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे याबाबत स्पष्ट आहेत. रक्ताच्या ठरावीक आजारांवरील प्रत्यारोपण वगळता मूळपेशींचा वापर केवळ वैद्यकीय चाचण्यांमध्येच करता येतो. नाळेतल्या रक्तातही अशाच मूळपेशी असतात. म्हणून आजचा विषय आहे ते रक्त साठवणाऱ्या खासगी नाळरक्त बँका. या व्यवहारात ज्याच्या नावाने करार होतो, तो अजून जन्माला यायचा असतो.

सातव्या-आठव्या महिन्यात सोनोग्राफीसाठी ताटकळत बसलेल्या जोडप्याच्या हाती एक गुळगुळीत माहितीपत्रक येते. बाळाच्या नाळेतले रक्त उणे १९६ अंश सेल्सिअसवर द्रव नायट्रोजनमध्ये ठेवा, पुढे कोणताही आजार झाला तरी उपयोगी पडेल, असे त्यात म्हटलेले असते. रक्कम हजारोंच्या घरात असते, हप्त्यांचीही सोय असते. ‘आता नाही, तर कधीच नाही’ ही त्यातली मेख. पोटच्या पोरासाठी पैसे वाचवले, असे कोणत्या आईबापांना म्हणवेल?

नाळरक्ताचे मोल खरे आहे, यात वाद नाही. ऑक्टोबर १९८८ मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात डॉ. एलियान ग्लुकमन यांनी फँकोनी अ‍ॅनिमिया या आनुवंशिक आजाराने ग्रासलेल्या एका अमेरिकी मुलावर जगातले पहिले नाळरक्त प्रत्यारोपण केले आणि ते यशस्वी झाले. मात्र ते रक्त त्या मुलाचे स्वतःचे नव्हते, त्याच्या नवजात बहिणीचे होते. माहितीपत्रकात नेमका हाच तपशील गळतो.

स्वतःचे रक्त स्वतःला का चालत नाही? थॅलेसेमियाचे उदाहरण घ्या. सदोष जनुक बाळाच्या प्रत्येक पेशीत असते, म्हणून नाळेतही तेच. ते रक्त परत चढवणे म्हणजे रोगच परत देणे. बालपणीच्या रक्ताच्या कर्करोगात कित्येकदा बिघाडाची सुरुवात गर्भातच झालेली असते. शिवाय दुसऱ्याच्या पेशी उरल्यासुरल्या कर्करोगावर तुटून पडतात, ती ताकद स्वतःच्या पेशींत नसते. पेशींच्या संख्येचाही प्रश्न आहे. प्रत्यारोपणासाठी रुग्णाच्या प्रत्येक किलो वजनामागे साधारण अडीच कोटी पेशी लागतात. साठ किलोच्या माणसासाठी हा हिशेब दीडशे कोटींवर जातो. एका पिशवीत बहुधा तेवढ्या नसतात.

यावर ‘सामुदायिक बँके’चे उत्तर दिले जाते. सगळ्या ठेवीदारांच्या पिशव्या एकत्र, ज्याला जुळेल त्याला मिळेल. म्हणजे स्वतःचे रक्त स्वतःला क्वचितच लागते, हे विकणाऱ्यांनाही मान्य आहे! दुसऱ्याच्या उपयोगी पडणारा साठाच हवा असेल, तर तो सार्वजनिक असावा आणि फी न भरलेल्या रुग्णालाही मिळावा. शिवाय आता आई, वडील किंवा भावंडाच्या अर्ध्या जुळणाऱ्या पेशींवरही प्रत्यारोपण होते. त्यामुळे नाळरक्ताची गरज मुळातच घटली आहे.

आता प्रसूतिगृहात येऊ. बाळ बाहेर आल्यावर नाळ लगेच थांबत नाही. बोट ठेवले तर काही मिनिटे तिचे ठोके लागतात आणि वारेतले रक्त बाळाकडे जात राहते. पहिल्या तीन मिनिटांत असे सुमारे ऐंशी ते शंभर मिलिलिटर रक्त बाळाला मिळते. तीन किलोच्या जिवाला ही मोठी शिदोरी आहे, कारण त्यातल्या लोहावर पुढचे कित्येक महिने निघतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते, की बाळाला तातडीच्या मदतीची गरज नसेल तर एक मिनिटाच्या आत नाळ कापू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातली सहा महिने ते पाच वर्षांची ६७ टक्के मुले रक्तक्षयग्रस्त आढळली. महाराष्ट्रात हे प्रमाण जवळपास ६९ टक्के होते.

बँकेची पिशवी मात्र नाळेत उरलेल्या रक्तावर भरते. जितके थांबावे तितके बाळाला जास्त आणि पिशवीला कमी. पिशवी भरावी म्हणून नाळ लवकर कापली, तर बाळाच्या हक्काचे रक्त त्याच्याच नावाने शीतपेटीत जाते. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये बजावले, की संकलनासाठी नाळ कापण्याची वेळ बदलू नये आणि खासगी साठवणीला ‘जैविक विमा’ समजू नये. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेनेही २०१८ मध्ये हा विम्याचा दावा नाकारला आहे. इटली आणि फ्रान्समध्ये तर स्वतःपुरते नाळरक्त साठवणाऱ्या खासगी बँकांना परवानगीच नाही.

आपल्याकडे अशा बँकांना औषध नियमांखाली परवाना लागतो. पण परवाना म्हणजे रक्त नीट साठवण्याची परवानगी, साठवणे उपयुक्त असल्याचा दाखला नव्हे. खरी जबाबदारी सल्ला देणाऱ्या डॉक्टरवर येते. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन किंवा भेट घेणे वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार गैर आहे. ज्याला नोंदणीमागे काही मिळते, त्याचा सल्ला हा सल्ला राहत नाही, ती विक्री होते. नातेवाइकांची सही घेण्याआधी उपयोगाची शक्यता, बाळाचे नुकसान आणि स्वतःचे हितसंबंध या तिन्ही गोष्टी सांगितल्या नसतील, तर त्या सहीला संमती म्हणता येणार नाही.

अपवाद एकच. घरात थॅलेसेमियासारखा प्रत्यारोपणाने बरा होणारा आजार असलेले मोठे भावंड असेल, तर नव्या बाळाचे नाळरक्त जरूर राखावे. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक असते. तो निर्णय रक्तरोगतज्ज्ञाला विचारून, प्रसूतीच्या बऱ्याच आधी घ्यावा.

बाकीच्यांनी माहितीपत्रक बाजूला ठेवून डॉक्टरांकडे दोन गोष्टी मागाव्यात. गर्भारपणाच्या सुरुवातीलाच थॅलेसेमियाचे वाहक ओळखणारी एचबीए-२ तपासणी करून घ्या, आणि नाळ निदान एक मिनिट तरी कापू नका, असे आधीच सांगून ठेवा. पहिलीला थोडे पैसे पडतात, दुसरीला काहीच पडत नाही.

(पुढील लेखांक : औषधचाचणीत सहभागी होणाऱ्याचे हक्क)