पहिल्या पसंतीची पवई

जेईई अॅडव्हान्स्डचा निकाल लागला की लगोलग जागावाटपाचं ‘जोसा’ पोर्टल उघडतं आणि ज्या घरात परीक्षा दिलेलं पोर असेल तिथे पसंतीक्रमाच्या यादीवरून खल सुरू होतो. मुलगी लॅपटॉपवर ओळी खालीवर सरकवत असते, वडील गेल्या वर्षीच्या क्लोजिंग रँकचा, म्हणजे कुठल्या शाखेच्या जागा कोणत्या क्रमांकाला संपल्या त्याचा, तक्ता छापून आणून शेजारी बसलेले असतात, आणि आधीच इंजिनिअर झालेला आतेभाऊ फोनवरून सल्ले देत असतो. सातव्या ओळीत इलेक्ट्रिकल की मेकॅनिकल, रुरकी आधी की गुवाहाटी, यावर रात्र रात्र वाद होतात. पहिल्या ओळीवरून मात्र सहसा वाद होत नाही. रँक दोन आकडी असो की चार आकडी, बहुतेक याद्यांची सुरुवात एकच असते: पवईच्या आयआयटी मुंबईचं कॉम्प्युटर सायन्स.

2024 मध्ये या शाखेच्या खुल्या प्रवर्गातल्या, मुला-मुलींसाठी सामाईक असलेल्या जागा 68व्या क्रमांकाला संपल्या. त्याच्या आदल्या वर्षी 67व्या. 2024 ला अॅडव्हान्स्डचे दोन्ही पेपर दिलेले विद्यार्थी होते 1,80,200. त्यांतल्या सत्तराव्या मुलालाही खुल्या यादीतून इथे जागा नव्हती. गेली कित्येक वर्षं पहिल्या शंभरांतले बहुसंख्य विद्यार्थी पवईलाच जातात.

अशा आकड्यांवरून एक वाक्य हमखास ऐकू येतं, की आयआयटीत शिरणं हार्वर्डपेक्षा कठीण आहे. ते तपासून पाहण्यासारखं आहे. हार्वर्डच्या 2028 ला पदवी घेणाऱ्या तुकडीसाठी 54,008 अर्ज आले आणि 1,937 जणांना प्रवेश देऊ केला गेला, म्हणजे 3.59 टक्के. आयआयटीचं प्रमाण काढायचं तर भागाकार कशाने करायचा ते आधी ठरवावं लागतं. 2024 मध्ये 23 आयआयटींत मिळून 17,740 जागा होत्या. अॅडव्हान्स्डच्या आधीची जेईई मेन दिलेल्या सुमारे 14 लाखांनी भागलं तर सव्वा टक्का येतो, अॅडव्हान्स्ड दिलेल्यांनी भागलं तर जवळपास दहा टक्के. मेनला बसणाऱ्या लाखो मुलांना मुळात एनआयटी किंवा आपल्या राज्यातलं चांगलं कॉलेज हवं असतं. त्यांना आयआयटीचे नाकारलेले उमेदवार म्हणून मोजलं की संस्थेचा दिमाख वाढतो, पण चित्र खरं राहत नाही. तिकडे हार्वर्ड निबंध वाचतं, शिफारसपत्रं पाहतं. इकडे एका दिवसातले तीन-तीन तासांचे दोन पेपर सगळं ठरवतात. दोन वेगळ्या चाळण्यांच्या टक्केवाऱ्या शेजारी मांडून फारसं काही कळत नाही.

चुरस मात्र जुनी आहे. संस्थेचं पहिलं सत्र 25 जुलै 1958 रोजी वरळीला ‘सासमिरा’ या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेच्या इमारतीत, उसन्या जागेत सुरू झालं. 3,400 हून जास्त अर्जांतून 100 विद्यार्थी निवडले गेले होते. युनेस्कोच्या मार्फत सोव्हिएत संघाची यंत्रसामग्री आणि तज्ज्ञ आले. 10 मार्च 1959 रोजी पंडित नेहरूंनी पवईला पायाभरणी केली. म्हणजे कॅम्पस उभा राहण्याआधीच इथे एका जागेमागे चौतीस उमेदवार होते.

त्या काळात आणि पुढेही बराच काळ पहिल्या पसंतीवर पवईची मक्तेदारी नव्हती. नव्वदच्या दशकातही कॉम्प्युटरसाठी कानपूरकडे ओढा असायचा. पवईतल्या शाखांची उतरंडही आजच्यासारखी नव्हती. 1978 साली इथून बाहेर पडलेल्यांत मनोहर पर्रीकर होते आणि नंदन निलेकणीही होते. पर्रीकरांची शाखा धातुशास्त्र, निलेकणींची इलेक्ट्रिकल. आज मात्र पर्रीकरांच्या शाखेचा क्लोजिंग रँक हजारांत जातो, आणि आतेभाऊ तिला यादीत बराच खाली ढकलायला सांगतो.

ही पसंती ज्या यंत्रातून जागेत बदलते, ते मन लावून पाहण्यासारखं आहे. जोसा म्हणजे आयआयटी, एनआयटी, ट्रिपल आयटी आणि केंद्राच्या मदतीवर चालणाऱ्या इतर संस्थांची संयुक्त जागावाटप व्यवस्था. 2024 मध्ये तिच्यात 121 संस्था होत्या.

2015 पूर्वी आयआयटींचं वाटप वेगळं आणि एनआयटींचं वेगळं चालायचं. समजा एखाद्या मुलीला अॅडव्हान्स्डच्या रँकवर दूरच्या आयआयटीत नावडती शाखा मिळाली आणि मेनच्या रँकवर नागपूरच्या व्हीएनआयटीत कॉम्प्युटर सायन्स मिळालं. दोन्ही जागा तिच्या नावावर. महिनाभर विचार करून ती नागपूरला गेली की आयआयटीतली जागा रिकामी पडायची. त्या जागेवर डोळा ठेवून असलेला पुढचा मुलगा एव्हाना दुसरीकडे फी भरून मोकळा झालेला असायचा. एकीकडे जागेसाठी जिवाचं रान आणि दुसरीकडे वर्गात रिकामे बाक, असं दरवर्षी घडत होतं.

2015 मध्ये दोन्ही वाटपं एकत्र आली. ज्यांनी नवी रीत घडवली त्यांत कानपूरचे सुरेंदर बसवाना, खरगपूरचे पार्थ प्रतिम चक्रवर्ती, पवईचे शरत चंद्रन आणि कोलंबिया विद्यापीठातले यश कनोरिया व उत्कर्ष पतंगे होते. कनोरिया स्वतः पवईचे माजी विद्यार्थी. या कामावरचा त्यांचा शोधनिबंध 2019 मध्ये आला. मूळ गणित डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली यांचं, 1962 सालचं. याच विषयातल्या कामासाठी शॅपली आणि अॅल्विन रॉथ यांना 2012 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

गणिताचा गाभा सोपा आहे. प्रत्येक विद्यार्थी आपल्या पहिल्या पसंतीचं दार ठोठावतो. तिथे जागा असेल तर त्याला तात्पुरतं ठेवून घेतलं जातं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून धरलेल्या जागेइतकीच ती पक्की. वरच्या रँकचा कुणी आला की खालचा उठतो आणि आपल्या दुसऱ्या पसंतीकडे जातो. तिथे तो आणखी कुणाला उठवतो. ही उठबस संगणकात चालू राहते, आणि हलणारं कुणीच उरलं नाही की त्या फेरीचं वाटप जाहीर होतं. फक्त आयआयटींचं वाटप असतं तर एका गुणवत्ता यादीवर वरून खाली जात काम भागलं असतं. इथे अॅडव्हान्स्ड आणि मेन अशा दोन याद्या एकाच वेळी चालतात, त्यात आरक्षित प्रवर्ग असतात, मुलींसाठीच्या जागा असतात. ओबीसी प्रवर्गातल्या न भरलेल्या जागा खुल्या होतात, अनुसूचित जाती-जमातींच्या होत नाहीत. एक गट हलला की दुसऱ्याचं गणित पुन्हा मांडावं लागतं.

या रीतीचा सर्वांत मोठा गुण घरोघरीच्या खलात हरवतो. इथे डाव टाकावा लागत नाही. यादी मनातल्या खऱ्या क्रमाने भरली की काम झालं. वर आवाक्याबाहेरचं टाकल्याने खालचं, हाती येण्यासारखं काही निसटत नाही. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की ते घ्यावंच लागतं, म्हणून मराठी पालक यादी भरताना धास्तावलेला असतो. ‘उगाच वर टाकू नकोस’ हा सल्ला तो इथेही देतो. तो सल्ला न पाळणाऱ्या मुलाचं इथे काहीही नुकसान होत नाही.

जागा मिळाल्यावर तीन वाटा असतात. फ्रीज म्हणजे मिळालं तेच कायम. फ्लोट म्हणजे ही जागा धरून ठेवतो, पुढच्या फेरीत यादीतलं वरचं काही मिळालं तर हवं आहे. स्लाइड म्हणजे संस्था हीच, शाखा वरची मिळाली तर पाहू. पाच-सहा फेऱ्या होतात. जून-जुलैत ‘फ्लोट केलंय’ एवढं म्हटलं की त्या घरात काय चाललंय ते सगळ्यांना कळतं.

इतकं नेटकं यंत्र पाहिल्यावर एक प्रश्न उरतो. यंत्र पसंती इमानाने वाटतं, पण ती पसंती येते कुठून? सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने कंपायलर पाहिलेला नसतो आणि धातूची भट्टीही पाहिलेली नसते. त्याच्यासमोर असतो तो गेल्या वर्षीचा क्लोजिंग रँकचा तक्ता. वरच्या मुलांनी पवई निवडली म्हणून तिथला आकडा 68 झाला, आणि आकडा 68 झाला म्हणून पुढच्या वर्षीची वरची मुलं पवई निवडतात. मुंबईतल्या कंपन्या, माजी विद्यार्थ्यांचं जाळं, हुशार सोबती ही कारणं खरीच आहेत. तरी वर्गात शिकवणं कसं आहे, एखाद्या शाखेत मुलाचा जीव रमेल का, याची या आकड्यात नोंद नसते. 2020 ला देशात पहिला आलेला पुण्याचा विद्यार्थी अमेरिकेतल्या एमआयटीला गेला. तक्त्यावर त्याने काही फरक पडला नाही.

या ओढीची किंमत बरीच आधीपासून मोजली जाते. आठवी-नववीपासून फाउंडेशनचे क्लास, नंतर ‘इंटिग्रेटेड’च्या नावाखाली फक्त कागदावर उरलेलं ज्युनियर कॉलेज, नाहीतर थेट क्लासांचं शहर कोटा. ऑगस्ट 2023 मध्ये विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांनंतर कोट्याच्या जिल्हा प्रशासनाने होस्टेलांतल्या पंख्यांना स्प्रिंग बसवण्याचा आदेश काढला. शिक्षणाच्या वाटेवर असा आदेश निघावा लागतो, याच्यापुढे क्लोजिंग रँकचं कौतुक करायला मन धजत नाही. त्यात अॅडव्हान्स्डला बसता येतं लागोपाठच्या दोनच वर्षांत. नोव्हेंबर 2024 मध्ये ही मर्यादा तीनवर नेली गेली आणि त्याच महिन्यात पुन्हा दोनवर आणली गेली. मधल्या दिवसांत ज्यांनी तिसऱ्या प्रयत्नासाठी कॉलेज सोडलं, त्यांना न्यायालयात जावं लागलं.

आत गेल्यावरही रँक पाठ सोडत नाही. होस्टेलमध्ये ओळख होताना ‘रँक किती?’ हा प्रश्न ठरलेला. 2023 मध्ये संस्थेने भेदभावाविरुद्धच्या सूचना काढल्या, तेव्हा दुसऱ्याचा प्रवेश प्रवर्ग विचारू नये असं सांगतानाच जेईईचा रँकही विचारू नये असं लिहावं लागलं, कारण रँकवरून जातीचा अंदाज बांधला जातो. पहिल्या वर्षाच्या गुणांवर शाखा बदलण्याची सोयही अलीकडे पवईने बंद केली. त्यामागचा हेतू, मुलांवरचा ताण कमी करण्याचा, चांगला आहे. पण त्यामुळे जूनमध्ये तक्ता पाहून भरलेली ओळ पुढची चार वर्षं बदलत नाही.

नोकरीची हमीही लोक समजतात तितकी सरसकट नाही. 2023-24 च्या कॅम्पस भरतीत भाग घेतलेल्यांपैकी सुमारे 75 टक्के विद्यार्थ्यांना त्या मार्गाने नोकरी मिळाली. सरासरी वार्षिक पगार 23.5 लाख होता, आणि वर्षाला चार ते सहा लाखांची नोकरी पत्करणारेही होते. पवईचं नाव आणि सर्व शाखा एका सरासरीत घातल्या की धातुशास्त्रातल्या किंवा सिव्हिलमधल्या मुलाला आपल्या वाट्याला काय येईल ते कळत नाही.

एक बदल लगेच करता येण्यासारखा आहे. पसंती भरण्याच्या पानावर प्रत्येक ओळीशेजारी क्लोजिंग रँकबरोबर त्या शाखेचा मधला पगार, पहिल्या दोन वर्षांचे विषय, पदवी वेळेत पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण आणि पुढे संशोधनाकडे वळलेल्यांची संख्या छापावी. यातलं बरंचसं संस्थांच्या दप्तरी असतंच. लातूरच्या किंवा गडचिरोलीच्या ज्या घरात फोनवरून सल्ला देणारा आतेभाऊ नाही, तिथल्या मुलीला तिची यादी भरताना याचाच आधार लागेल.