तळपायाचा नकाशा

लोणावळ्याच्या कैवल्यधामाचे संस्थापक स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ च्या सुमारास नौली करणाऱ्याच्या मोठ्या आतड्यातला दाब मोजला. तो बाहेरच्या हवेपेक्षा कमी भरला! बस्तीत पाणी वर कसे चढते, याचा उलगडा झाला. रिफ्लेक्सॉलॉजीलाही आपण हीच मोजमापाची कसोटी लावू.

तळव्याचा ठरावीक बिंदू दाबला की ठरावीक अवयव सुधारतो, असे ही पद्धत मानते. अमेरिकेतल्या डॉ. फिट्झजेराल्ड यांनी शरीराचे दहा उभे पट्टे कल्पिले. १९३० च्या दशकात युनिस इंगहॅम यांनी अवयवांचा नकाशा तळपायावर उतरवला. पण तळव्यातला एखादा बिंदू यकृताशी जोडणारी खास नस शरीररचनाशास्त्राला आढळलेली नाही. तक्तेही एकमेकांशी पुरते जुळत नाहीत. वर्गात दोन तक्ते शेजारी टांगून मुलांना बिंदू ताडून पाहायला सांगावे.

मग पाय चेपल्यावर बरे वाटते, ते खोटे का? मुळीच नाही. मावळात दिवसभर भातलावणी करून आलेल्या माणसाला विचारा! ताण उतरतो, अंग सैलावते. आमच्या मते अपेक्षा एवढीच ठेवावी. रोगनिदानाची ठेवू नये. मधुमेह असलेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. त्यांच्या तळव्याची संवेदना कमी झालेली असू शकते. मग जोराचा दाब कळत नाही आणि झालेली जखम चिघळते.